रायफल आधी, रिव्हॉल्वर नंतर: लिव्हर अ‍ॅक्शनच्या जोडीबद्दल वाचकांचे प्रश्न

एकच काडतूस रायफलमध्येही चालावे आणि कमरेच्या रिव्हॉल्वरमध्येही, ही अमेरिकेतली जुनी हौस. तिथे स्थायिक झालेल्या मराठी वाचकांनी त्याबद्दल बरेच विचारले आहे. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गल्लत दिसते. डबीवर नाव एक असले म्हणजे आतला माल दोन्हींत चालेलच असे नाही. काडतुसाचा दाब किती असावा, हे जोडीतले अशक्त हत्यार ठरवते. काडतुसाची लांबी आणि गोळीच्या टोकाचा आकार मात्र रायफल ठरवते, कारण रिव्हॉल्वर जवळपास काहीही गिळते आणि लिव्हर अ‍ॅक्शन, म्हणजे ट्रिगरखालचा दांडा पुढे-मागे करून काडतूस चढवणारी रायफल, चोखंदळ असते.

रॉसी आर-९२ घेतली आहे, .३५७ मॅग्नम, नळी २० इंची. रेंजवर सराव आणि हरणाची शिकार, दोन्ही करायचे आहे. रिव्हॉल्वर चार इंची घ्यावे की सहा इंची? (कोलंबस, ओहायो)

तुमच्या राज्यात याचे उत्तर आधी कायदा देतो. ओहायोत हरणाच्या शिकारीसाठी हँडगनची नळी किमान ५ इंच लागते. म्हणजे ४.२ इंची रुगर जीपी-१०० कितीही आवडले तरी शिकारीत कामाचे नाही. .३५७ ते .५० दरम्यानच्या सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफली तिथे २०१४ पासून हरणासाठी चालतात. मात्र चेंबर (काडतूस झाडले जाते ती जागा) आणि मॅगझिन मिळून तीनच काडतुसे भरता येतात, ट्यूबमध्ये, म्हणजे नळीखालच्या मॅगझिनमध्ये, दहा मावत असली तरी. चालू हंगामाची नियमपुस्तिका बघूनच निघा.

आता नळीने काय फरक पडतो ते बघू. १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) .३५७ गोळी चार इंची रिव्हॉल्वरमधून साधारण १,२३५ फूट प्रति सेकंद वेगाने सुटते, तीच १८-२० इंची रायफलमधून १,८०० च्या आसपास. ऊर्जा दुपटीहून जास्त होते. रिव्हॉल्वरची नळी चारावरून सहा इंच केली तर वेग थोडाच वाढतो, खरा फायदा होतो तो पुढच्या-मागच्या साइटमधले अंतर वाढून नेम सुधारण्याचा. शिकारीसाठी सहा इंची घ्या. रायफलने १०० यार्डांपर्यंत आणि रिव्हॉल्वरने ५० च्या आत, तेही टेकू घेऊन, एवढीच मर्यादा ठेवा.

जीपी-१०० की स्मिथ अँड वेसनचे ६८६? दोन्ही भक्कम, चार इंची वजन सुमारे ४० औंस. ६८६ चा ट्रिगर सहसा जास्त गुळगुळीत, आणि ‘प्लस’मध्ये सात काडतुसे मावतात. जीपी-१०० हातात घेऊन मग ठरवा, मुठीचा आकार सगळ्यांना मानवत नाही. स्वस्तात मिळते म्हणून जुने मॉडेल १९ मात्र या जोडीला घेऊ नका. ते देखणे आहे, पण त्याच्या फोर्सिंग कोनची (सिलिंडरमधून गोळी नळीत शिरते ते नळीचे मागचे तोंड) खालची बाजू सपाट कापलेली असते, आणि १२५ ग्रेनच्या पूर्ण ताकदीच्या काडतुसांनी तिथेच तडा जातो. .३८ स्पेशल चालवायला ते उत्तम.

आणखी एक गोष्ट: ११०-१२५ ग्रेनच्या पोकळ टोकाच्या गोळ्या रिव्हॉल्वरच्या वेगासाठी बनवलेल्या असतात. रायफलमधून त्या २,००० च्या घरात जातात आणि हरणाच्या खांद्यावर वरच्यावरच फुटतात. दोन्हींसाठी १५८ ग्रेनची सपाट टोकाची गोळी ठेवा.

.३५७ च्या रायफलमध्ये .३८ स्पेशल भरले की मधूनच अडकते. रिव्हॉल्वरमध्ये तीच काडतुसे बिनतक्रार चालतात. दोष कुणाचा? (सॅन अँटोनियो, टेक्सास)

लांबीचा. .३५७ च्या हत्यारात .३८ स्पेशलही झाडता येते, पण .३८ ची केस (काडतुसाचे पितळी कवच) १.१५५ इंच, .३५७ ची १.२९० इंच. सिलिंडरमध्ये (रिव्हॉल्वरच्या फिरत्या चक्रात) काडतूस हाताने घातले जाते, त्यामुळे रिव्हॉल्वरला फरक पडत नाही. रायफलमध्ये ते ट्यूबमधून लिफ्टरवर (काडतूस वर उचलणाऱ्या भागावर), लिफ्टरवरून चेंबरमध्ये असा प्रवास करते, आणि तो प्रवास एका ठरावीक लांबीला जुळवलेला असतो. १८७३ च्या पद्धतीच्या रायफलीत लिफ्टर म्हणजे एक ठोकळा असतो. काडतूस आखूड असेल तर ट्यूबमधल्या पुढच्या काडतुसाचा मागचा भाग ठोकळ्यात घुसतो आणि ठोकळा वर उचललाच जात नाही. १८९२ (रॉसी आर-९२ याच घडणीची) आणि मार्लिन १८९४ जरा जास्त सहनशील, पण त्यांनाही बोथट, चौकोनी खांद्याच्या गोळ्या आवडत नाहीत. कागदावर गोल भोक पाडणारे पूर्ण वॅडकटर तर विसराच.

उपाय साधा आहे. १५८ ग्रेनची, गोलसर सपाट टोकाची, लांबी १.५५ इंचाच्या जवळ जाणारी .३८ काडतुसे शोधा. दोन-तीन ब्रँडच्या एकेक डब्या आणून प्रत्येकाची पूर्ण ट्यूब रेंजवर चालवून बघा, मगच घाऊक घ्या. लिव्हर दबकत चालवू नका, शेवटपर्यंत जोरात पुढे आणि तसाच मागे. निम्म्या ‘अडकण्या’ हळू हातामुळे होतात.

.३८ खूप चालवली की दोन्ही हत्यारांच्या चेंबरमध्ये, केसचे तोंड जिथे संपते तिथे, काजळीचे कडे बसते. मग .३५७ शेवटचा आठवा इंच आत जात नाही. जोराने दाबून भरू नका. .४० कॅलिबरचा ब्राँझ ब्रश आणि सॉल्व्हेंट घेऊन ते कडे काढा. आणि फार हलकी लोड (कमी दारूची काडतुसे) लांब नळीत टाळा, गोळी नळीतच बसून राहिली आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुगते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला की थांबा, हत्यार रिकामे करा, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा.

मार्लिन १८९४, .४४ मॅग्नम, जुनी. ३०० ग्रेनच्या गोळ्या रिव्हॉल्वरमधून छान एका जागी पडतात, रायफलमधून कागदावर आडव्या भोकांनी उमटतात. नळी खराब झाली का? (बोझमन, मोंटाना)

नळी ठणठणीत आहे, तिचा पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा) कमी आहे. जुन्या .४४ मार्लिनमध्ये ३८ इंचांत एक फेरा असतो. २४० ग्रेनला तो पुरतो, लांब ३०० ग्रेनच्या गोळीला पुरत नाही, आणि गोळी हवेत लटपटून आडवी होते. .४४ च्या रिव्हॉल्वरांत पीळ २० इंचांत एक फेऱ्याच्या आसपास असतो. रुगरने २०२० मध्ये मार्लिन विकत घेतल्यावर निघालेल्या १८९४ मध्येही २० इंचांत एक फेरा आहे. तुमच्या जोडीसाठी २४० ग्रेन हेच उत्तर: रिव्हॉल्वरमधून १,१८०, रायफलमधून सुमारे १,७६० फूट प्रति सेकंद. कारखान्याची काडतुसे विकत घेत असाल तर एवढ्यावर विषय संपतो.

घरी स्वतः काडतुसे तयार करत असाल तर क्रिंपकडे (केसचे तोंड गोळीवर आवळण्याकडे) दुप्पट लक्ष द्या, कारण या जोडीत गोळीवर दोन उलट दिशांनी जोर येतो. रिव्हॉल्वरच्या धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर अडतो. रायफलच्या ट्यूबमध्ये स्प्रिंग आणि धक्का मिळून गोळी केसमध्ये मागे दाबतात आणि दाब वाढतो. रिव्हॉल्वरमध्ये सहा भरा, पाच झाडा, सहावे काढून कॅलिपरने मोजा. रायफलच्या ट्यूबमध्येही एक खुणेचे काडतूस ठेवून तसेच मोजा. लांबी कोणत्याही बाजूला बदलली तर गोळीच्या खाचेत रोल क्रिंप अजून घट्ट हवा. एकूण लांबी १.६१० इंचाच्या आत ठेवा. रुगर रेडहॉकचा सिलिंडर याहून लांब काडतूस सामावून घेतो, मार्लिन ते वर चढवणार नाही. टोकदार गोळी ट्यूबमध्ये कधीच नको, पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (काडतूस पेटवणाऱ्या टोपीवर) तिचे टोक टेकते.

रिव्हॉल्वर अजून घ्यायचे असलेल्यांना आमचे मत: अस्वलांचा मुलूख किंवा एल्क (मोठे हरीण) नसेल तर .४४ ची गरज नाही. बरेच जण मॅग्नम घेतात आणि पहिल्या दोन डब्यांनंतर सौम्य .४४ स्पेशल झाडत बसतात.

.४५ कोल्टची ‘अस्सल’ जोडी हवी आहे: रॉसी ९२ आणि रुगर न्यू व्हकेरो. दुकानात ‘फक्त रुगरसाठी’ असे लिहिलेली जोरदार काडतुसे दिसली. रुगरच आहे, तर घ्यावीत? (टक्सन, अ‍ॅरिझोना)

घेऊ नयेत. .४५ कोल्टचा प्रमाणित दाब १४,००० पीएसआय (प्रति चौरस इंच पौंड). ती जोरदार काडतुसे २५,००० किंवा त्याहून वर जातात आणि मोठ्या फ्रेमच्या ब्लॅकहॉक, रेडहॉकसाठी असतात. न्यू व्हकेरो २००५ मध्ये आले ते लहान फ्रेमवर. नाव रुगर असले तरी ते या गटात नाही. कोल्टचे सिंगल अ‍ॅक्शन आणि त्याच्या इटालियन प्रतिकृतीही नाहीत. रायफल जोरदार काडतूस सोसेल म्हणून दोन वेगळ्या डब्या बाळगायच्या, तर कधीतरी अंधारात चुकीची डबी उघडली जाणार. घरात १४,००० वालीच ठेवा.

‘अस्सल’बद्दलही थोडे. १८७३ ची विंचेस्टर .४४-४० होती. कोल्टने त्याच काडतुसाचे रिव्हॉल्वर १८७८ च्या सुमारास काढले, आणि खरी जुनी जोडी ती. १९ व्या शतकात .४५ कोल्टची लिव्हर रायफल नव्हतीच, त्या केसची कड इतकी बारीक होती की एक्स्ट्रॅक्टरला (रिकामी केस ओढून काढणाऱ्या आकड्याला) धड पकडता येत नसे. आजच्या केसला कडेपुढे खाच असते, म्हणून जमते. तरी हलक्या लोडला सरळ, जाड केस चेंबरच्या भिंतीला नीट चिकटत नाही आणि काजळी मागे येते. .४४-४० च्या पातळ गळ्याला ही अडचण नाही.

रिव्हॉल्वर घेताना सिलिंडरची तोंडे तपासा. हत्यार रिकामे करून, सिलिंडर काढून, .४५२ इंचाची शिशाची सुटी गोळी पुढच्या बाजूने घाला. बोटाच्या हलक्या दाबाने ती सरकायला हवी. रुगरच्या .४५ मध्ये ही तोंडे कधीकधी .४५० किंवा त्याहून अरुंद निघतात. मग गोळी तिथे चेपली जाते आणि नळीत शिसे साचते. बंदूक कारागीर रीमर (भोक रुंद करणारे अवजार) फिरवून ती सारखी करून देतो.

काउबॉय अ‍ॅक्शन स्पर्धांसाठी दोन्ही एकाच काडतुसाची असावी लागतात का? (डॅलस)

नाही, पण सोय होते. या स्पर्धा चालवणाऱ्या एसएएसएसच्या (सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी) नियमांत गोळ्या शिशाच्या, वेग रिव्हॉल्वरमधून १,००० आणि रायफलमधून १,४०० फूट प्रति सेकंदांच्या आत. .३५७ ची हत्यारे आणि .३८ काडतुसे हा बहुतेकांचा मार्ग. रिव्हॉल्वर दोन लागतात, प्रत्येकात पाचच काडतुसे, हॅमर रिकाम्या चेंबरवर. एक भरा, एक सोडा, चार भरा, हॅमर पूर्ण ओढून अलगद खाली सोडा.

एच-१बी व्हिसावर आहे. हे सगळे विकत घेता येईल का? (न्यू जर्सी)

फेडरल कायद्याने एच-१बी किंवा एफ-१ सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक बाळगायला बंदी आहे. मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि घरात असलेले हत्यार बेकायदा ठरते. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. त्यावर तुमच्या राज्याचे नियम वेगळे, आणि न्यू जर्सीचे कडक आहेत. दुकानात जाण्याआधी स्थलांतर आणि शस्त्र कायदा दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला तासभर भेटा. इथे चूक झाली तर नुकसान व्हिसाचे.

पुण्यात परवाना आहे. अशी जोडी इथे जमेल? (पुणे)

व्यवहारात नाही. परवान्यावर सहज मिळते ते आयुध निर्माणीचे .३२ रिव्हॉल्वर आणि .३१५ ची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल. दोघांची काडतुसे पूर्ण वेगळी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, तेव्हा दुसरी जागा विचार करून भरा. गंमत अशी की तुमचे .३२ चे काडतूस, म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, अमेरिकेत हेन्रीच्या .३२७ फेडरल मॅग्नम लिव्हर रायफलच्या चेंबरमध्ये बसते. उलटे मात्र कधीच करायचे नाही, .३२७ चा दाब या रिव्हॉल्वरसाठी नाही.