जुनी पीएलसी बदलताना: एस७-३०० विषयी वाचकांचे प्रश्न

सीमेन्सने १ ऑक्टोबर २०२३ पासून एस७-३०० ही पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक) मालिका आणि तिच्या जोडीची ईटी २०० एम कार्डे (सेन्सर-व्हॉल्व्हचे सिग्नल घेणारे-देणारे भाग) नियमित विक्रीतून काढली. आता ती फक्त सुटे भाग म्हणून मिळतात. साखर कारखान्यांपासून पाणीपुरवठा योजनांपर्यंत या पीएलसी अजून मोठ्या संख्येने चालू आहेत आणि त्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी सीमेन्सचीच नवी एस७-१५०० येते. या वेळचे सगळे प्रश्न याच बदलाचे आहेत.

आमच्या साखर कारखान्यात बॉयलरवरची एस७-३०० विनातक्रार चालते. ती आताच बदलावी का? सगळे एकदम बदलावे लागेल का?

एकदम बदलू नका, पण आखणी आत्ताच करा. सुटे भाग विक्री थांबल्यापासून दहा वर्षे, म्हणजे २०३३ पर्यंत, पुरवण्याचे जाहीर झाले आहे. ही मुदत काम संपवण्याची समजा, सुरू करण्याची नव्हे.

पहिल्या टप्प्यात फक्त सीपीयू (प्रोग्रॅम चालवणारा मुख्य भाग) बदला. कार्डे आणि त्यांचे वायरिंग जागेवरच राहू द्या. सीपीयूच्या जागी आयएम १५३ इंटरफेस बसवला की जुना रॅक ईटी २०० एम स्टेशन होतो आणि नव्या सीपीयूशी प्रोफिबस किंवा (इथरनेटवर चालणाऱ्या) प्रोफिनेट या संपर्क-जाळ्याने बोलतो. आयएम १५३-१ वर आठच कार्डे चालतात, त्यामुळे रॅकवरची कार्डे आधी मोजा. प्रोफिबस ठेवायची असेल तर सीपीयू १५१६-३ पीएन/डीपी घ्या, त्यात प्रोफिबसचा पोर्ट आहे. १५१५-२ पीएनमध्ये तो नाही, तिथे सीएम १५४२-५ हे संपर्क-कार्ड वेगळे घ्यावे लागते. काउंटर किंवा पोझिशनिंगची एफएम (खास कामाची) कार्डे असतील तर ती नव्या सीपीयूखाली चालतात का, हे खरेदीआधी तपासा.

गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. उरलेल्या महिन्यांत बॉयलरची इतर कामेही असतात. माल हंगाम संपण्याआधी हातात हवा, म्हणजे लूप चेकला (सेन्सरपासून स्क्रीनपर्यंत प्रत्येक सिग्नल तपासण्याला) खरा वेळ मिळतो. घाईत सर्वांत आधी लूप चेकवरच गदा येते आणि पुढचे बहुतेक त्रास तिथूनच सुरू होतात.

तोवर स्टोअरमधले सुटे भाग टेबलावर चालू करून पाहा. वर्षानुवर्षे पडून असलेल्या पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात आणि नेमके गरजेच्या रात्री दगा देतात.

पॅनेल बसवणारी कंपनी बंद पडली, मूळ प्रोग्रॅम कुणाकडेच नाही. काय करावे?

आधी सीपीयूमधून प्रोग्रॅम वर घ्या. एमपीआय अडॅप्टर (लॅपटॉप सीपीयूच्या पोर्टला जोडणारा) लावा. बहुतेक ठिकाणी पत्ता २ आणि वेग १८७.५ केबीपीएस असतो. सिमॅटिक मॅनेजर या सीमेन्सच्या सॉफ्टवेअरमधून ‘अपलोड स्टेशन’ केले की हार्डवेअरची रचना आणि ब्लॉक (प्रोग्रॅमचे तुकडे) मिळतात. नावे आणि टिपा मिळत नाहीत, कारण त्या सीपीयूत नसतातच, मूळ प्रोजेक्टमध्येच असतात. कुलूपबंद ब्लॉक असतील तर त्यांचा मूळ मजकूर मिळाल्याशिवाय ते रूपांतरित होत नाहीत. ते नव्याने लिहिण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा.

नावे शोधायची सर्वांत चांगली जागा म्हणजे तुमची स्काडा (ऑपरेटर ज्यावरून प्लँट बघतो-चालवतो ते सॉफ्टवेअर). तिच्या टॅग-यादीत प्रत्येक पत्त्यासमोर नाव असते: डीबी२०.डीबीडी४ म्हणजे ड्रम लेव्हलचा (बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याच्या पातळीचा) सेटपॉइंट, वगैरे. ती यादी एक्सेलमध्ये काढा, लूप ड्रॉइंगशी जुळवा आणि तीच सिंबॉल टेबल म्हणून वापरा.

आणखी एक काम विसरू नका. डेटा ब्लॉकमधल्या (डीबी) सुरुवातीच्या किमती आणि चालू किमती वेगळ्या असतात. ऑपरेटरने वर्षानुवर्षे स्क्रीनवरून बदललेले गेन (कंट्रोलरच्या प्रतिसादाचा जोर), अलार्मच्या मर्यादा, टायमर हे सगळे चालू किमतींत असते. रूपांतर करताना जुन्या सुरुवातीच्या किमती उतरल्या की ते सारे ट्यूनिंग पुसले जाते. प्लँट नेहमीच्या भारावर असताना प्रत्येक डीबी ऑनलाइन उघडा आणि चालू किमती छापून ठेवा.

एमएमसी, म्हणजे सीपीयूतले मेमरी कार्ड, लॅपटॉपला लावून विंडोजमध्ये फॉरमॅट करू नका, ते पीएलसीसाठी निकामी होते.

सीपीयू बदलल्यापासून ड्रम लेव्हल हेलकावे खाते. पीआयडीचे (लेव्हल आपोआप राखणाऱ्या नियंत्रण-गणिताचे) आकडे जुनेच ठेवले आहेत, मग असे का?

आकडे तेच असले तरी ते ज्या वेळेवर मोजले जातात ती बदललेली असते. एफबी४१, म्हणजे कॉन्ट_सी हा पीआयडीचा ब्लॉक, प्रत्येक हाकेला इंटिग्रलमध्ये (साठत जाणाऱ्या दुरुस्तीत) गेन × त्रुटी × सायकल ÷ टीआय (इंटिग्रलचा काळ) एवढी भर घालतो. यातला सायकल (दोन हाकांमधला काळ) हा आकडा तुम्ही दिलेला असतो, ब्लॉक स्वतः घड्याळ बघत नाही. समजा ब्लॉकला ठराविक वेळाने हाक मारणारा जुना ओबी३५ इंटरप्ट दर ५०० मिलिसेकंदांनी चालत होता, सायकलही तेवढीच होती आणि नव्या सीपीयूत तो इंटरप्ट मुळातल्या १०० मिलिसेकंदांवर राहिला. मग इंटिग्रल पाचपट वेगाने साठते आणि ६० सेकंदांचा टीआय १२ सेकंदांसारखा वागतो. ड्रम लेव्हलला तो सोसत नाही. सायकलचा आकडा तर कुणी भरलाच नसेल तर तो १ सेकंद असतो. म्हणून आधी इंटरप्टचा कालावधी आणि सायकल हे दोन आकडे जुळवा, त्यानंतरच ट्यूनिंगला हात लावा. कॉन्ट_सी १५०० वरही मिळतो, पहिल्या टप्प्यात तोच ठेवा. सीपीयू आणि कंट्रोल ब्लॉक एकाच वेळी बदलले तर दोष कुणाचा ते कळत नाही.

दुसरा संशयित म्हणजे वर्गमूळ. वाफ आणि फीडवॉटरचा प्रवाह डीपी (दाबातला फरक मोजणाऱ्या) ट्रान्समीटरने मोजत असाल तर वर्गमूळ एकदाच काढायला हवे, ट्रान्समीटरमध्ये किंवा पीएलसीत. २५ टक्के डीपीला खरा प्रवाह ५० टक्के असतो. दोन्हीकडे वर्गमूळ लागले तर तो ७०.७ दिसतो, कुठेच लागले नाही तर २५. तीन-घटक (लेव्हल, वाफ आणि पाणी तिन्ही बघणाऱ्या) नियंत्रणात वाफेच्या आकड्यावरून पाणी सोडले जाते. तोच चुकला तर लेव्हलच्या लूपला सतत दुरुस्ती करत बसावे लागते.

तिसरी गोष्ट वेगाची. पूर्वी स्कॅन (प्रोग्रॅमची एक फेरी) ३०-४० मिलिसेकंद असेल तर आता तो काही मिलिसेकंदांवर येतो. स्कॅन मोजून केलेले विलंब आणि फिल्टर तेवढेच आखडतात. एका स्कॅनपुरता येणारा पल्स जुनी, संथ उपकरणे पाहूच शकत नाहीत. असे तर्क शोधून त्यांना टायमर लावा.

जुने सिंगल-लूप कंट्रोलरही पीएलसीत आणत असाल तर एककांकडे लक्ष द्या. प्रपोर्शनल बँड ४० टक्के म्हणजे गेन २.५, कारण १०० भागिले बँड. ‘रिपीट्स पर मिनिट’ २ असेल तर टीआय ३० सेकंद.

अ‍ॅनालॉग कार्डेही बदलली. लूप चेक नेमका कसा करावा?

मिलिअँप सोर्सने पाच बिंदू द्या: ४, ८, १२, १६, २०. कार्डावरचे कच्चे आकडे अनुक्रमे ०, ६९१२, १३८२४, २०७३६, २७६४८ यायला हवेत. आधी हे बघा, मग स्क्रीनवरचे एकक.

जुन्या एसएम ३३१ या इनपुट कार्डाच्या कडेला मोजमापाचा प्रकार ठरवणारा छोटा ठोकळा असतो: ‘सी’ म्हणजे चार-वायर करंट, ‘डी’ म्हणजे दोन-वायर. नव्या कार्डात तो नाही, सगळे सॉफ्टवेअरमध्ये ठरते आणि टर्मिनलही वेगळे आहेत. जुने कार्ड काढण्याआधी ठोकळ्याची स्थिती चॅनेलगणिक लिहून घ्या.

यानंतर वायर काढून पाहा, हा भाग कधीही टाळू नका. ४-२० वर वायरतुटीचे निदान चालू असेल तर कार्ड ३२७६७ देते, म्हणजे सर्वांत वरचा आकडा. कच्चा आकडा एककात बदलणारा जुना एफसी१०५ ब्लॉक हा आकडा वरच्या मर्यादेवर अडवतो, नवे नॉर्म_एक्स आणि स्केल_एक्स अडवत नाहीत. दोन्हींत ड्रम ‘भरलेला’ दिसतो, कंट्रोलर फीड व्हॉल्व्ह बंद करू लागतो आणि ड्रममधले पाणी खरोखर घटते. म्हणून वायर तुटताच लूप मॅन्युअलला जायला हवा आणि अलार्म वाजायला हवा. कमी पाण्याचे ट्रिप स्वतंत्र स्विचवरच असू द्या.

वीज गेली की टोटलायझर (एकूण प्रवाहाची चालू बेरीज) शून्य होतो. पूर्वी असे होत नव्हते.

एमएमसी असलेल्या ३०० सीपीयूत डेटा ब्लॉक मुळातच किमती राखून ठेवतात. १५०० मध्ये ‘रिटेन’ची खूण स्वतः करावी लागते. मेमरी बिट वापरले असतील तर त्यांचीही राखीव हद्द ठरवून द्या, मग पॉवर घालवून-आणून खात्री करा.

जुनी स्काडा नव्या सीपीयूशी बोलतच नाही.

तीन जागा बघा. ड्रायव्हरमध्ये ३०० साठी रॅक ०, स्लॉट २ असतो, १५०० साठी स्लॉट १ करा. सीपीयूच्या सुरक्षा-सेटिंगमध्ये पुट/गेटला (बाहेरून थेट वाचण्या-लिहिण्याला) परवानगी द्या. आणि स्काडा जे डीबी पत्त्याने वाचते त्यांचा ‘ऑप्टिमाइज्ड’ पर्याय काढा. पुट/गेट उघडले की नेटवर्कवरचे कुणीही त्या सीपीयूत लिहू शकते, तेव्हा पीएलसीचे नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळेच ठेवा.

प्रोफिबसवरचे ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे) अधूनमधून गायब होतात.

सगळी वीज बंद करून ए आणि बी वायरमधला रेझिस्टन्स मोजा. साधारण ११० ओहम आला तर दोन्ही टोकांचे टर्मिनेटर (केबलच्या टोकाचे रेझिस्टर) लागले आहेत. २२० आला तर एकच लागलेला आहे, आणि ११० पेक्षा बराच कमी आला तर मधल्या एखाद्या कनेक्टरचा स्विच चुकून चालू राहिला आहे. लांबीही बघा: १.५ एमबीपीएसला एका सेगमेंटला २०० मीटर चालतात, १२ ला १०० च. बॉयलर हाऊसपासून मिल हाऊसपर्यंत केबल गेली असेल तर वेग १८७.५ केबीपीएसवर आणा, तिथे १००० मीटर मिळतात.