फेब्रुवारीत पेरलेला वाटाणा उगवत का नाही? (सिएटल परिसर)

सिएटलच्या उत्तरेला बॉथेलला नवं घर, मागे अंगण, गेल्या फेब्रुवारीत हौसेने पेरलेले वाटाणा, पालक आणि मेथी, आणि त्यातलं जवळपास काहीच वर आलं नाही. बी खराब होतं का, थंडीने मेलं का, यंदा ग्रीनहाउस घ्यावं का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. माझ्या मते तिन्हींचं उत्तर नाही असंच आहे.

वाटाणा आणि पालक थंडीला घाबरत नाहीत. उगवलेलं रोप हलकं हिव सहज सोसतं. अडचण उगवण्याआधीची आहे. मातीचं तापमान ४१ फॅरनहाइट (५ सेल्सियस) असेल तर वाटाण्याला कोंब यायला महिन्याहून जास्त लागतो, ५० ला साधारण दोन आठवडे. एवढा काळ बी थबथबलेल्या, हवा न खेळणाऱ्या मातीत पडून राहिलं की बुरशीचं आयतंच फावतं. शंका असेल तर यंदा एखादा दाणा उकरून पाहा. साल शाबूत दिसते, पण दोन बोटांत दाबला की आतला गर पिठल्यासारखा बाहेर येतो आणि आंबूस वास सुटतो. हे काम थंडीचं नाही, पाण्याचं.

सिएटलचा पाऊस वर्षाला साधारण ९५० ते १००० मिलिमीटर. मुंबईत याच्या दुपटीहून जास्त पडतो, पण चार महिन्यांत, आणि मग जमीन सुकते. इथे ऑक्टोबर ते एप्रिल नुसती रिपरिप चालते, ऊन तोंडदेखलं, आणि बाष्पीभवन नावालाच. त्यात तुम्ही बॉथेलला. ऑलिंपिक डोंगरांना वळसा घालून येणारे वारे सिएटलच्या उत्तरेला पुन्हा एकमेकांना भिडतात, त्यामुळे शहरात उघडीप असतानाही तुमच्याकडे सर येऊ शकते. म्हणून शहरातल्या मैत्रिणीच्या तारखा जशाच्या तशा उचलू नका.

तारखेपेक्षा वाफसा, म्हणजे मातीची पेरणीजोगी ओल बघा. वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्या, घट्ट दाबा, मूठ उघडा आणि गोळ्याला अंगठ्याने टोचा. भुसभुशीत फुटला तर पेरा. नुसता खड्डा पडला, किंवा दाबताना बोटांतून पाणी आलं, तर घरात जाऊन चहा प्या. ओली माती खणली तर तिची ढेकळं होतात, आणि जुलैत तीच ढेकळं दगडासारखी कडक होऊन बसतात. मातीचं तापमान बघायला वेगळं उपकरण लागत नाही, स्वयंपाकघरातला टोचायचा थर्मामीटर चालतो. सकाळी दोन इंच खोल घालायचा आणि तीन-चार दिवस ओळीने बघायचं. दुपारचा आकडा फसवतो.

आता ग्रीनहाउसच्या पैशांत काय करायचं ते सांगते. आठ ते बारा इंच उंच गादीवाफे करा आणि जानेवारीतच त्यांच्यावर प्लास्टिक पाइपच्या कमानी वाकवून पारदर्शक प्लास्टिक ताणा. कडांवर विटा ठेवा, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात ते शेजाऱ्यांकडे जाईल. या छपराने थोडी ऊब मिळते, पण खरी गंमत म्हणजे पाऊस बाहेर राहतो. मार्चमध्ये बाजूच्या जमिनीत बूट रुततो, आणि छपराखालची माती हाताला मोकळी लागते. ऊन पडलं की दोन्ही टोकं उघडायला मात्र विसरायचं नाही, कोंदट हवेत रोपं देठाशी कुजून आडवी होतात.

वाटाण्याबद्दल इथल्या जुन्या लोकांचा ठोकताळा प्रेसिडेंट्स डेचा आहे, म्हणजे फेब्रुवारीतला तिसरा सोमवार. निचऱ्याच्या जमिनीला तो ठीक आहे. तुमच्या जमिनीत मार्चचा मध्य उजाडला तरी बिघडत नाही. दाणे रात्रभर भिजवून, ओल्या कागदात गुंडाळून घरातच मोड आणा, मटकीला आणतो तसेच, फक्त मोड अगदी लहान असतानाच जमिनीत लावा. लांब झाला की मोडतो. महिन्याची जोखीम अशी निम्म्यावर येते. पण एप्रिलच्या पुढेही ढकलू नका. या भागात मावा (रस शोषणारी बारीक कीड) वाटाण्यावर एक विषाणू आणतो, इथे त्याला एनेशन म्हणतात. पानं चुरगळतात आणि शेंगा वेड्यावाकड्या, फोडाळ होतात. उशिरा लावलेल्या वेलांना तो गाठतोच. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीने यासाठीच प्रतिकारक वाण काढले: 'ओरेगन शुगर पॉड २' आणि 'कॅस्केडिया'. बी घेताना हीच नावं बघा.

पालक आणि लेट्यूस छपराखाली मार्चच्या सुरुवातीला चालतात. मुळाही तेव्हाच, पण त्याच्या मुळाला अळी लागते, म्हणून पेरल्या दिवसापासून वर झिरझिरीत पांढरं कापड घालून कडा मातीने दाबा. माशी आत शिरली नाही की अळीही नाही. बटाटे १७ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला लावायचे असं इथे म्हणतात. त्या दिवशी चिखल असेल तर खुशाल दोन आठवडे थांबा.

मेथी ही आपली खरी दुखरी नस. वाण्याकडची स्वयंपाकाची मेथी बहुधा चांगली उगवते, बियाण्याचं महागडं पाकीट घ्यायची गरज नाही. पण तिला माती ५० फॅरनहाइटच्या (१० सेल्सियस) वर हवी, म्हणजे छपराखाली मार्चअखेर आणि उघड्यावर एप्रिलच्या मध्यानंतर. दाट फेका आणि चार-पाच इंचांवर उपटा. धणे हलक्या हाताने रगडून दोन फाकी करून पेरा. दुकानातले धणे कधी जुने असतात, तेव्हा आधी दहा-वीस दाणे ओल्या कागदात टाकून परीक्षा घ्या. कोथिंबीर आणि पालक दोन्हींना मे-जूनमध्ये तुरे येणार. जूनअखेर इथे दिवस सोळा तासांचा असतो, त्याला इलाज नाही. एकदाच भरपूर पेरण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी ओंजळभर जागेत पेरा, आणि मोठी पेरणी ऑगस्टसाठी राखा.

एप्रिलमध्ये रोपं पिवळी पडून आहेत तशीच राहतील, तेव्हा घाबरू नका. हिवाळ्याच्या पावसाने नत्र धुऊन गेलेलं असतं आणि गार मातीतले जीवाणू कंपोस्टमधून नवं नत्र सोडायला वेळ लावतात. त्या काळात कंपोस्टचे ढीग घालून उपयोग नसतो. माशांचं पातळ खत पाण्यातून द्या, आठवड्याभरात रंग फिरतो. पावसाने कॅल्शियमही धुऊन जातं आणि माती आंबट होते, म्हणून शरद ऋतूत शेतीचा चुना घालतात. बटाट्याच्या वाफ्यात तो नको, बटाट्यावर खवले येतात.

आणि गोगलगायी! मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोंब फस्त केल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. इथली बिनशंखाची असते, पण भूक तीच. उगवलंच नाही असं वाटतं तेव्हा पुष्कळदा उगवलेलं असतं आणि रात्रीत खाल्लेलं असतं. सकाळी मातीवर चकाकणारी सुकी रेघ शोधा. आयर्न फॉस्फेटचे दाणे (गोगलगायींना मारणारं आमिष) पेरणीच्या दिवशीच टाका, कोंब दिसल्यावर नव्हे. रात्री दहाला टॉर्च आणि चिमटा घेऊन फिरणं हा याहून खात्रीचा उपाय, शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.

टोमॅटो, मिरची, वांगी यांना या सगळ्यात ओढू नका. ती घरात, दिव्याखाली. दिवा रोपांच्या दोन-तीन इंच वर, चौदा ते सोळा तास. खिडकीतल्या मार्चच्या उजेडात रोपं नुसती लांबुडकी होतात. टोमॅटो मार्चच्या मध्याला पेरा आणि रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या खाली जायचं थांबलं की बाहेर काढा, म्हणजे मेचा उत्तरार्ध. दुकानात एप्रिलमध्येच रोपं मांडलेली दिसतील, तिकडे दुर्लक्ष करा.

खरं सांगायचं तर मार्चमध्ये ताटात काही हवं असेल तर ते आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच लावायला हवं. सप्टेंबरात पेरलेला पालक हिवाळाभर पान मुडपून बसतो आणि फेब्रुवारीत दिवस दहा तासांच्या पुढे गेला की भराभर वाढतो. लसणाच्या पाकळ्या आणि बाकला ऑक्टोबरात. त्या लसणाची कोवळी पात मार्चमध्ये खुडून ठेचा करता येतो. यंदा ते हुकलं आहे, तेव्हा आधी एकच वाफा झाका आणि वाटाण्याला मोड आणायला घ्या. मार्चच्या मध्याला माती मुठीत कशी लागते ते इथे कळवा, मग मेथीची तारीख ठरवू.