नाचाचा गेम आणताय? आधी खातं कोणाच्या नावावर ते ठरवा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. ग्रंथालयाच्या किशोर विभागात शनिवारी दुपारी नाचाचे व्हिडिओ गेम ठेवायचेत, समितीतले एक सदस्य 'इथे वाचायला यायचं की उड्या मारायला' म्हणतायत, आणि तुम्हाला विचारायचंय की जस्ट डान्स घ्यावा की पायाखालच्या मॅटवाला डीडीआर. काही वर्षांपूर्वी मी नेमकं हेच विचारत फिरत होते. टीव्ही, जागा, वेळापत्रक वगैरे तुम्ही ठरवलेलं दिसतंय, त्यात शिरत नाही.

गेम कुठला हा प्रश्न मला दुय्यम वाटतो, तरी आधी तो मिटवते. डीडीआर, म्हणजे डान्स डान्स रेव्होल्यूशन, कोनामीने १९९८ मध्ये जपानच्या गेम पार्लरांत आणला. चार बाण, त्या त्या क्षणी त्या त्या बाणावर पाय पडला पाहिजे. हात काय करतायत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. युबीसॉफ्टच्या जस्ट डान्समध्ये (२००९) बरोबर उलटं. कंट्रोलर धरून खेळताना गुण मिळतात ते उजव्या हाताच्या हालचालीला, पाय जागचे हलले नाहीत तरी चालतं. हे मुलांच्या लक्षात यायला वेळ लागत नाही. कोणीतरी खुर्चीत बसून नुसतं मनगट हलवून पहिला येतोच. येऊ द्या, ओरडू नका. त्याच कारणाने व्हीलचेअरवरची मुलगीही बरोबरीने खेळू शकते, आणि ही सोय दुसऱ्या फारशा मैदानी खेळांत नसते. लाजणाऱ्यांसाठी जस्ट डान्स, आकड्यांच्या आणि अवघड पातळ्यांच्या मागे लागणाऱ्यांसाठी बाणवाले गेम, असा माझा ढोबळ हिशोब आहे. कॅमेऱ्याने सगळं शरीर बघणारा डान्स सेंट्रल (२०१०) मला सगळ्यांत आवडायचा, पण त्याला लागणारं किनेक्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा तो खास कॅमेरा, बनवणं २०१७ मध्येच बंद झालं. कोणी चालू स्थितीतलं देणगी देत असेल तरच त्या वाटेला जा.

आता मुद्द्याचं. जस्ट डान्सच्या २०२३ च्या आवृत्तीपासून दुकानातून डबा आणला तरी आत डिस्क किंवा कार्ट्रिज (गेम भरलेली, यंत्रात खोचायची छोटी पट्टी) नसतं, कागदावर छापलेला एक कोड असतो. तो ज्या खात्यात टाकाल त्या खात्याचा तो गेम होतो, कायमचा. घरी खेळणाऱ्याला याने फरक पडत नाही. संस्थेत पडतो, कारण संस्थेत 'मी' कोणीच नसतं.

आमची मागणी सरळ होती: कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र), जादा कंट्रोलर, आणि गेम कार्ट्रिजवर. मागणीपत्र ज्या कार्यालयातून पुढे जातं (नाव घेत नाही, माझी बिलं अजून तिथूनच पास होतात) तिथे कोणीतरी 'कार्ट्रिजवर' हा शब्द खोडून 'नवीनतम आवृत्ती' घातलं. नियमात तेच बसतं म्हणे. डबा आला. भांडारात उघडला, आत काहीच नाही म्हणून 'अपूर्ण पुरवठा' असा शेरा पडला. पुरवठादाराने कोडचा कागद दाखवला, तेव्हा तो कागद 'तपासणीसाठी' संगणक कक्षात गेला. तिथल्या कंत्राटी मुलाने तो तपासला, म्हणजे स्वतःच्या ईमेलने स्वतःच्या खात्यात टाकला, आणि कोड चालतो असं लिहून दिलं. बिल मंजूर. डबा आमच्याकडे, वर ग्रंथालयाचा शिक्का, डेडस्टॉक रजिस्टरला क्रमांक. कोड चालतो हे त्याने खरंच लिहिलं होतं. फक्त असा कोड एकदाच चालतो.

तो मुलगा होता तोवर कोणाला काही कळलंच नाही. त्यानेच कन्सोलवर खातं जोडून दिलं, शनिवार जोरात चालले. पुढे त्याचं कंत्राट संपलं. मग कन्सोल दुरुस्तीला गेला, कोरा होऊन परत आला, आणि लॉगिन मागायला लागला. पासवर्ड कोणाकडे नाही, पडताळणीचा आकडा जाणार त्याच्या जुन्या फोन नंबरवर. त्याला मी दोष देत नाही, संस्थेसाठी वेगळं खातं काढायचं असतं हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं.

यानंतर जे झालं ते आठवलं की अजून डोकं फिरतं. खातं परत मिळवायला खातेदाराच्या नावाची पावती हवी. बिल संस्थेच्या नावाचं, खातं त्या मुलाच्या. खरेदीवाले म्हणाले, वस्तू मिळाली, पैसे दिले, फाइल बंद. संगणक कक्ष म्हणाला, खातं ही वस्तू नाही, आमच्या रजिस्टरला तिची नोंद नाही. बरं, नवीनच घेऊ म्हणून मागणी टाकली, तर ती परत आली: 'सदर वस्तू आपल्या विभागाच्या साठ्यात उपलब्ध आहे.' उपलब्ध होतीच, रिकामा डबा कपाटात होता. वार्षिक पडताळणीत तो 'सुस्थितीत' म्हणून नोंदलाही गेला. मी प्रत्यक्ष जाऊन डबा उघडून दाखवला, तेव्हा त्या टेबलावरच्या साहेबांनी झाकण नीट लावून घेतलं आणि म्हणाले, हाताळू नका, खराब होईल.

आणि या सगळ्यात मुलं येत, पडद्यावर पासवर्डची चौकट बघत, निघून जात. चौदा-पंधराची मुलं तक्रार करत नाहीत, ती पुढच्या वेळी येत नाहीत. तो गट पुन्हा जमवायला गेम आणण्यापेक्षा जास्त कष्ट पडले, आणि काही जण आलेच नाहीत.

म्हणून माझा आग्रह (तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, त्यात बसवून घ्या): खरेदीची टिपणी लिहितानाच त्यात चार ओळी जास्त घाला. खातं विभागाच्या ईमेलवर निघेल, व्यक्तीच्या नाही. कोड सीलबंद अवस्थेत विभागाकडेच येईल आणि तिथेच वापरला जाईल. पडताळणी विभागाच्या फोनवर, आणि खातं उघडायचे राखीव आकडे कागदावर छापून पाकिटात, पाकीट कुलपात. बदली झाली की चार्ज देताना किल्ल्यांबरोबर हे पाकीट सही घेऊन द्यायचं. मला विचाराल तर यातलं एकही नको, म्हणजे कोडवाला डबाच नको. जस्ट डान्सची २०२२ ची आवृत्ती कार्ट्रिजवर मिळते, ४० गाणी आहेत, खोचलं की चालू. मुलं म्हणतात गाणी जुनी झाली, ते खरंच आहे. पण जुनी गाणी वाजतात तरी.

वर्गणी भरून शेकडो गाणी मिळतात त्याचाही मोह नको. ती वर्गणी आपोआप नूतनीकरण होणारी, कार्डावरून जाणारी. तुमच्या संस्थेकडे असं कार्ड आहे का? मग कोणाचं वापरणार, स्वतःचं? अजिबात नाही.

मधल्या काळात आमचा कार्यक्रम जिवंत राहिला तो स्टेपमॅनिया या डीडीआरसारख्याच संगणकावरच्या बाणवाल्या गेममुळे, आणि तो सुचवला एका नियमित येणाऱ्या मुलीने. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, कोपऱ्यात पडलेल्या जुन्या संगणकावर चालतो, खातं नाही की पासवर्ड नाही. यूएसबीची मॅट लावली की संगणकाला ती जॉयस्टिक वाटते, कुठला बाण म्हणजे कुठलं बटण हे एकदा नेमून द्यायचं. खरेदीची फाइल फक्त मॅटपुरती! शिवाय त्यात संपादक आहे, गाण्याला स्वतः बाण लावता येतात. आमच्याकडचा एक मुलगा मॅटवर कधीच चढला नाही, पण ठेका ऐकून ऐकून इतके चलाख बाण बसवायचा की बाकीचे त्याच्या 'पुढच्या' गाण्याची वाट बघायचे. ग्रंथालयात हे व्हायला हवं असं मला वाटतं, निव्वळ घाम गाळण्यापेक्षा जास्त. मात्र इंटरनेटवर त्यासाठी जी गाणी फिरतात त्यातली बरीचशी विनापरवाना असतात. ज्या कलाकारांनी स्वतः मोकळी दिलीत तीच घ्या.

समितीसाठी मुद्दे हवेत म्हणालात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगते, आणि तिच्याच अभ्यासात ११ ते १७ वयातली जगभरातली ८१ टक्के मुलं तेवढी हलत नाहीत असं आलंय. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २००६ मध्ये सरकारी शाळांच्या व्यायामाच्या तासात डीडीआर आणायचं जाहीर केलं होतं. तिथल्याच मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात २००४ पासून किशोरांच्या व्हिडिओ गेम स्पर्धा होत आल्या, आणि अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रंथालयांतल्या खेळांसाठी देशभर एक दिवस पाळायला सुरुवात केली. म्हणजे आपण काही जगावेगळं मागत नाही. हे सगळं टिपणीत घाला, आणि मुलांसमोर यातला एक शब्दही काढू नका. पोस्टरवर 'आरोग्य', 'व्यायाम', 'स्क्रीनचा सदुपयोग' असलं काही दिसलं की त्या वयाची मुलं दुरूनच वळतात.

आवाजाचं तुमच्या त्या सदस्यांचं म्हणणं मात्र पूर्ण चुकीचं नाही. गाण्याचा आवाज कमी करता येतो, पायांचा नाही. वरच्या मजल्यावर मॅट टाकली तर खालच्या वाचनकक्षात छत वाजतं, तेव्हा तळमजलाच मागा, नाहीच मिळाला तर बाणवाले गेम विसरा आणि जस्ट डान्सवर भागवा. मऊ मॅट गुळगुळीत फरशीवर सरकते आणि अवघड गाण्याला हमखास सरकते. खाली रबरी चटई घालून कडा चिकटपट्टीने बसवा. मोजे घालून कोणालाही चढू देऊ नका, अनवाणी बरं. जस्ट डान्सला मनगटाचा पट्टा सक्तीचा, नाहीतर कंट्रोलर टीव्हीत.

ब्लूटूथ स्पीकर आणू नका हे ठळक अक्षरांत वाचा. डीडीआरमध्ये सर्वांत वरचा शेरा मिळायला पाय ठरलेल्या क्षणाच्या साधारण एक साठांश सेकंद आगेमागे, एवढ्यातच पडावा लागतो. ब्लूटूथवर आवाजच एक दशांश सेकंद किंवा त्याहून उशिरा येऊ शकतो. मग मुलांना वाटतं आपल्याला ताल नाही. साधी वायर लावा, टीव्ही गेम मोडवर (चित्र उशिरा न दाखवणाऱ्या सेटिंगवर) ठेवा. फोनचा कंट्रोलर करायचा विचार असेल तर आधी तुमच्या वायफायवर करून बघा. सार्वजनिक वायफायवर बरेचदा एक उपकरण दुसऱ्याला दिसू नये अशी व्यवस्था केलेली असते आणि मग फोन व कन्सोल एकमेकांना सापडतच नाहीत.

पडदा खोलीच्या मधोमध लावू नका. नाचणारे पडद्याकडे तोंड करून असतात, म्हणजे बघणारे सगळे त्यांच्या पाठीमागे, आणि त्या वयात पाठीमागून कोणी बघतंय यासारखी दुसरी शिक्षा नाही. पडदा कोपऱ्यात, खुर्च्या बाजूंना. फोटो नाहीत म्हणजे नाहीत. वार्षिक अहवालासाठी 'उपक्रमाची छायाचित्रे' मागितली जातील. रिकाम्या मॅटचं द्या. आमच्याकडे पाहुण्यांच्या भेटीत एकदा मुलांचे फोटो काढले गेले, पालकांना न विचारता, आणि त्यातली एक मुलगी त्यानंतर फक्त पुस्तक बदलायला यायची.

मी डॉक्टर नाही. दमा, हृदयाचा त्रास, गुडघ्याची दुखापत असेल तर पालकांचं लेखी म्हणणं घ्या. चमकणाऱ्या दिव्यांनी फिट येणाऱ्यांसाठी या गेमांवर इशारा असतो, तो दाराबाहेर मोठ्या अक्षरांत लावा. स्टेपमॅनियात मागचं दृश्य मंद करता येतं, ते मंदच ठेवा.

मी वकीलही नाही, त्यामुळे परवान्याबद्दल एवढंच: या गेमांच्या अटी साधारणपणे खासगी, बिगर-व्यावसायिक वापराच्या असतात आणि आतली गाणी वेगळ्या मालकीची असतात. गेमच्या कंपनीला आणि संगीताचे परवाने देणाऱ्या संस्थेला आधीच लिहून विचारा. लेखी उत्तर येईपर्यंत शुल्क लावू नका, कार्यक्रम बाहेर नेऊ नका, चित्रफीत टाकू नका. आणि उत्तर आलं की त्याची एक प्रत कुलपातल्या त्या पाकिटातच घाला, फाइलला लावलेली पुन्हा सापडत नाही.