न्यू जर्सीत येताय आणि डायनर बघायचेत? (उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा)

तुझ्या प्रश्नाचा सारांश असा, की नवऱ्याचं एच-वन या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीतल्या एडिसनला यायचं नक्की झालंय, तू एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, मुलगी सात वर्षांची, कागदांची फाइल तयार आहे, पण तुला कधीपासून ते चकचकीत स्टीलचे जुने अमेरिकन डायनर (काउंटर आणि स्टुलं असलेली साधी हॉटेलं) आणि रूट ६६ या जुन्या हायवेवरची हॉटेलं बघायचं वेड आहे, तर ते पहिल्याच सुट्टीत कसं जमवायचं, सासूबाई आल्या की त्यांना व्हेज काय मिळेल, आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, "तिकडे खूप एकटं वाटतं का हो ताई?" बाकीच्यांनी व्हिसा, बँक, भाड्याचं घर यावर भरपूर लिहिलंय, सरकारी साइटवरही सगळं आहे, मी त्यात पडत नाही. ताई म्हणालीस म्हणून अगंतुगं करतेय, राग मानू नकोस.

पहिलं म्हणजे डायनरसाठी रूट ६६ पर्यंत जायचं कारणच नाही. तू नेमकी त्यांच्या कारखान्यांच्या राज्यात येतेयस. सुरुवात खरी ऱ्होड आयलंडची, १८७२ साली प्रॉव्हिडन्समधे वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस (कादंबऱ्या लिहिणारा नव्हे) घोडागाडीतून रात्रपाळीच्या वर्तमानपत्रवाल्यांना खायला विकायचा. मग गाड्या मोठ्या झाल्या, आत काउंटर आलं, स्टुलं आली, हळूहळू गाडी एका जागी उभीच राहायला लागली. पण पुढे हे बनवायचे मोठे कारखाने निघाले ते न्यू जर्सीत, जेरी ओ'माहोनी, पॅटरसनचे सिल्क सिटी, कुलमन, फोडेरो. अख्खं हॉटेल कारखान्यात तयार करायचं, फरशी, ग्रिल, स्टुलं, सगळं जागच्या जागी बसवून, आणि ट्रकवर नाहीतर रेल्वेवर घालून गिऱ्हाइकाच्या गावात नेऊन ठेवायचं. वाहून न्यायचं म्हणून आकार लांबट नि अरुंद. त्यामुळे लोक छातीठोकपणे सांगतात की हे जुने रेल्वेचे डबे आहेत, बहुतेक वेळा ती थाप असते. दाराजवळ किंवा काउंटरच्या वर कंपनीची छोटी पत्र्याची पाटी असते, ती शोधायची सवय लाव, मुलीलाही खेळ होईल.

एडिसनहून जवळचं म्हणशील तर समिटचं समिट डायनर, स्टेशनपासून चार पावलांवर, ओ'माहोनीचं, आत लाकूडकाम, अजिबात नटवलेलं नाही, माझं सगळ्यात आवडतं. क्लिफ्टनला रूट ३ वर टिक टॉक, त्यावर 'ईट हेवी' अशी पाटी आहे, आणि ते गंमत म्हणून म्हणत नाहीयेत हे प्लेट आल्यावर कळतं. जर्सी सिटीतलं व्हाइट माना १९३९ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड फेअरसाठी बनवलं होतं, पण तिथे बर्गरच, तेव्हा खात नसाल तर बाहेरून फोटो. मॉलमधली लाल सीट आणि काळ्यापांढऱ्या चौकटीची नवीकोरी 'रेट्रो' हॉटेलं मात्र कटाप. तिथे सगळं आहे, फक्त रोज येणारी म्हातारी माणसं नाहीत.

मालक बरेचसे ग्रीक, किंवा आता ग्रीकांकडून घेतलेले दुसरे कोणी. आपल्याकडे इराण्यांनी जे केलं तेच यांनी इकडे केलं, परक्या गावात येऊन कोपऱ्यावरची जागा धरली आणि गावालाच सकाळच्या चहाची सवय लावली. तो निळापांढरा कागदी कॉफीचा कप बघितला असशील, ग्रीक नक्षीचा, 'वी आर हॅपी टू सर्व्ह यू' लिहिलेला, तो १९६३ साली लेस्ली बक नावाच्या माणसाने या ग्रीक मालकांना खूश करायलाच काढला. तो स्वतः चेकोस्लोव्हाकियातून आलेला, छळछावणीतून वाचलेला ज्यू. म्हणजे न्यूयॉर्कचा सगळ्यात अस्सल कप एका निर्वासिताने दुसऱ्या परदेशी लोकांसाठी केलेला, हे मला फार आवडतं.

आता खाण्याचं. मेनू जाडजूड असतो, घाबरू नकोस, अंडी मागव. पण अंडी म्हटलं की वेट्रेस न थांबता विचारत सुटते, अंडी कशी, टोस्ट व्हाइट का व्हीट का राय, होम फ्राइज (परतलेले बटाटे) का फ्रूट. सनी साइड अप म्हणजे आपलं हाफ फ्राय, ओव्हर इझी म्हणजे उलटलेलं पण बलक पातळ, ओव्हर हार्ड म्हणजे पूर्ण शिजलेलं. हे घरून ठरवून जा, मागे लाइन नसते पण तिच्या पेनाकडे बघून घाम फुटतो. सासूबाईंसाठी ग्रिल्ड चीज, ग्रीक सॅलड, अंडं चालत असेल तर पॅनकेक नाहीतर पालकाचा स्पिनच पाय. होम फ्राइज बहुतेक ठिकाणी बेकनच्याच तव्यावर परततात, व्हेजिटेबल सूप नावालाच व्हेजिटेबल, खाली चिकनचं नाहीतर बीफचं पाणी, आणि पायच्या कवचात कधी कधी डुकराची चरबी असते, विचारलं की सांगतात, लाजायचं नाही. नाहीतर सरळ ओक ट्री रोडला, आपल्या लोकांच्या दुकानांच्या नि हॉटेलांच्या रस्त्यावर, घेऊन जा त्यांना, सुखी होतील.

टिप वीस टक्के धर. टिप मिळणाऱ्या लोकांचा केंद्राचा किमान पगार १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकलाय, न्यू जर्सीत त्याहून जास्त आहे पण तरी टिपवरच घर चालतं त्यांचं. आणि नुसत्या कॉफीवर दोन तास बसलीस तर वीस टक्क्यांचा हिशोब करायचा नाही, जास्त ठेवायची.

हे मला इतकं पक्कं का माहितीये तर मीच ती नुसत्या कॉफीवर बसणारी.

मी आले तेव्हा एच-फोरवाल्यांना कामच करता येत नव्हतं. २०१५ मधे नियम बदलला, नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा कंपनीचा अर्ज) मंजूर असेल तर अर्ज करता येतो, तो नियम नीट समजून घे. मी त्याच्या आधीची. ठाण्याला बँकेत चांगली नोकरी होती, ती सोडून आले. आणि आल्याआल्या नावाचं लफडं. माझ्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात माझं नाव आणि पुढे नवऱ्याचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर माझं नाव, वडलांचं नाव, माहेरचं आडनाव, आणि दाखला मराठीत. गाडीचं लायसन्स हवं तर आधी सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसातून तुम्हाला त्यांचा नंबर मिळणार नाही असं लेखी पत्र आणा. नंबर नाही याचा पुरावा! आणलं. तर त्या पत्रात नवऱ्याचं नाव मिडल नेम म्हणून वेगळं पडलेलं, म्हणजे कागदोपत्री मी दोन बायका. खिडकीतली बाई मला विचारते, तुमच्या नावात या पुरुषाचं नाव का आहे? मी तिला काय सांगू, अख्ख्या महाराष्ट्रात असंच असतं म्हणून? परत जा, परत या, असं करत करत हिवाळा लागला. तेव्हा लग्नाच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून तिकडूनच आण, आणि जमलं तर सगळीकडे नाव एकसारखं करून घे, बाकी काही विसरलीस तरी चालेल.

लायसन्स नाही, गाडी एकच, ती नवरा घेऊन जाणार. मुलगा शाळेत. अपार्टमेंटपासून चालत जाता येईल असं एकच ठिकाण होतं, हायवेच्या कडेचं डायनर. फुटपाथ नाही गं, गवतावरून, बर्फ असला की गाड्यांच्या टायरने केलेल्या वाटेवरून. काउंटरला टोकाच्या स्टुलावर बसायचं, एक कॉफी, ती कप रिकामा होऊच देत नाहीत. मी ती दुधाची छोटी डबी असते ना, हाफ अँड हाफची, तशा चारपाच फोडून ओतायची आणि वर साखर, तेव्हा कुठे ते आपल्या कॉफीसारखं व्हायचं. तिथली वेट्रेस, साठीची असेल, एकदा माझा कप बघून म्हणाली, यात थोडी कॉफी घालू का? मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग लक्षात आलं की त्या आठवड्यात घराबाहेरच्या कुणाशी माझं हे पहिलं बोलणं.

टिपचे पैसे मी लाँड्रीसाठी बरणीत साठवलेल्या क्वार्टर्समधून, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्यांमधून, न्यायची. नवरा कधी एका शब्दाने बोलला नसता, त्याला माहीत असतं तर त्यानेच नोटा ठेवल्या असत्या. पण स्वतःच्या कॉफीसाठी पैसे मागायचे हे मला तोंडातून निघेना. त्याला हे आजही माहीत नाही, इथे वाचलं तर वाचो.

मंडळं आहेत, मराठी विश्व आहे, गणपती जोरात होतो, दिवाळी अंकसुद्धा मिळतात, माणसं मिळतातच. पण तिथे पहिल्या भेटीत प्रश्न येतात, ग्रीन कार्ड कुठपर्यंत आलं, घर घेतलं का, तू काय करतेस. त्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात मला माणसं नको होती, फक्त समोर कुणीतरी वावरत असायला हवं होतं, भांड्यांचा आवाज, तव्यावरचा आवाज, कुणीतरी 'हन' (हनीचं छोटं रूप) म्हणून कप भरणारं. ती वेट्रेस पार्सल आणणाऱ्या यूपीएसच्या ड्रायव्हरलाही हनच म्हणायची, मला माहितीये. आम्ही दुसरीकडे राहायला गेलो तेव्हा मी तिला सांगायला गेले नाही, काय सांगणार होते? तिला माझं नाव माहीत नव्हतं. तर एकटं वाटतं का याचं उत्तर मला अजून हो किंवा नाहीमधे देता येत नाही. तुझ्याकडे लायसन्स असेल, रोज व्हिडिओ कॉल असेल, तुला कदाचित हे सगळं नाटकी वाटेल. वाटू दे. करोनानंतर रात्रभर उघडी असणारी कितीतरी डायनर आता दहालाच बंद होतात, म्हणजे रात्री झोप येत नसेल तर माझ्यावेळची ती सोयही गेली, तेवढं सांगून ठेवते.

एक अजून. त्या स्टुलावर मला कुणी कागद विचारले नाहीत याचं मला फार कौतुक, पण ते स्टूल सगळ्यांना असं सहज मिळालेलं नाही. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरोच्या वूलवर्थ नावाच्या दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरला चार कृष्णवर्णीय कॉलेजची मुलं कॉफी मागून बसली, त्यांना वाढलं नाही, ती उठली नाहीत, दुसऱ्या दिवशी आणखी आली. जुलैमधे ते काउंटर खुलं झालं, देशभराचा कायदा यायला १९६४ उजाडलं. त्याआधी काळ्या कुटुंबांना प्रवासात कुठे जेवण मिळेल हे सांगणारं ग्रीन बुक नावाचं वेगळं पुस्तक १९३६ पासून निघायचं. आपल्यातले बहुतेक सगळे १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेले, म्हणजे आयत्या स्टुलावर बसलेले. ग्रीन्सबरोला त्याच इमारतीत आता म्युझियम आहे. मुलगी जरा मोठी झाली की दाखवा.

रूट ६६ पहिल्या वर्षी करू नका हे माझं स्पष्ट मत. शिकागो ते सांता मोनिका जवळजवळ चार हजार किलोमीटर, नवीन लायसन्स, मागे सात वर्षांचं पोर, नवऱ्याची मोजकी रजा, भांडणं होतील. आधी इकडचं बघा, एका लाँग वीकेंडला ऱ्होड आयलंडला पॉटकेटचं मॉडर्न डायनर करा, पुढून निमुळतं आगगाडीच्या इंजिनासारखं, राष्ट्रीय वारसा यादीत गेलेलं पहिलं डायनर. मग दोनतीन वर्षांनी ६६. शिकागोत लू मिचेल्सला (१९२३ चं आहे) रांगेत उभं असताना डोनटचे छोटे गोळे देतात. टेक्सासात एड्रियनला मिडपॉइंट कॅफे, पाटीवर दोन्हीकडे ११३९ मैल. आणि अ‍ॅरिझोनात सेलिगमनचं स्नो कॅप चुकवू नका, हुआन देल्गादियोने १९५३ मधे भंगारातल्या लाकडातून उभारलेलं, दाराला दोन मुठी, खोटी कुठली ते चुकल्यावर कळतं. १९७८ मधे नवा हायवे गावाबाहेरून गेला आणि गाडी थांबायचीच बंद झाली, तेव्हा त्याचा न्हावी भाऊ एंजल खटपट करत राहिला आणि १९८७ मधे अ‍ॅरिझोनातला तो जुना रस्ता 'ऐतिहासिक' म्हणून जाहीर झाला. रस्त्याला २०२६ मधे शंभर वर्षं, त्या वर्षी गर्दी असणार.

राहिली शाळा. मुलीला बीसीजी दिलेलं असणार, टीबीची स्किन टेस्ट त्यामुळे लाल होऊ शकते आणि मग एक्स-रेच्या फेऱ्या, त्यापेक्षा आधीच रक्ताची टेस्ट मागून घे. आणि प्रवेशाच्या फॉर्मवर विचारतात घरी कुठली भाषा बोलता. मी मराठी लिहिलं. ठाण्याला इंग्रजी शाळेत जाणारा माझा मुलगा, त्याला वेगळं काढून ईएसएलला (इंग्रजी दुसरी भाषा असलेल्या मुलांच्या वर्गाला) बसवलं, आणि तो तास नेमका संगीताच्या वेळेला. पालकांना हे नाकारायचा हक्क असतो हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून तुला सांगते. वर्षअखेरीच्या कागदावर त्याच्या वाचनापुढे 'बिगिनिंग' लिहून आलं, आणि त्याच शनिवारी डायनरमधे तो कागदी प्लेसमॅटवरच्या जाहिराती मोठ्याने वाचत होता, प्लंबर, छप्परवाला, घरांचा एजंट, आणि मग फ्युनरल होमची जाहिरात वाचून विचारतो, आई, इथे मरायला पण अपॉइंटमेंट लागते का? शेजारच्या टेबलवरचा म्हातारा हसून हसून लाल झाला. मला ते हसू पण आलं आणि तो कागद फाडून टाकावासाही वाटला. मुलगा आता कॉलेजात आहे, म्हणतो सोड ना आई. माझं सुटत नाही. फॉर्मवर काय लिहायचं ते तुम्ही दोघं ठरवा, मी आज भरला तरी मराठीच लिहीन.

तारीख ठरली की कळव. मार्चच्या आधी येत असाल तर मुलीचे बर्फातले बूट तिकडून आणू नकोस, इकडे येऊनच घे.