बहिणीचा रंग सावळा आहे, स्थळं परत जातात. लग्नापर्यंत रंग उजळेल अशी क्रीम कोणती? बायोडेटात 'निमगोरी' लिहावं का?

भाऊ, आधी क्रीमचं बोलतो. शिरपूर-चोपड्यापासून जळगाव-भुसावळपर्यंत मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न रोजचा आहे, आणि उत्तर म्हणून एक छोटी ट्यूब हातात ठेवली जाते. तुमच्या घरात ती आधीच आली असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. हायड्रोक्विनोन २%, ट्रेटिनॉइन ०.०२५%, मोमेटासोन ०.१% असं लिहिलं असेल तर ते वांगावरचं औषध आहे. त्वचारोगतज्ज्ञाने काही आठवड्यांपुरतं, फक्त डागावर लावायला द्यायचं. त्यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ही नावंही स्टेरॉइडचीच.

पहिले पंधरा दिवस चेहरा खरोखर उजळ दिसतो. स्टेरॉइडने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, पुरळ बसतं, रंगद्रव्य बनणं मंदावतं. घरातले म्हणतात, रंग उघडला. मग कातडी पातळ व्हायला लागते, गालावर लाल शिरा दिसतात, हनुवटीवर लव वाढते, मुरुम उठतात. उन्हाचं सोडाच, भाकरी टाकताना तव्याची धग लागली तरी चेहरा चुरचुरतो. क्रीम बंद केली की काही दिवसांत चेहरा लालबुंद होऊन आग होते. पोरगी घाबरून पुन्हा लावते, दोन दिवस बरं वाटतं, आणि ती त्यातच अडकते. लग्न ठरतं तोवर चेहरा मूळ रंगापेक्षा काळवंडलेला असतो.

२०१८ पासून चेहऱ्याला लावली जाणारी ही स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. तरी आमच्या मेडिकलच्या धंद्यातली माणसं म्हणतात, गिऱ्हाईकच मागतं, नाही दिलं तर शेजारच्या दुकानातून घेईल. हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. चिठ्ठी मागायला अर्धा मिनिट लागतं. बिनलेबलच्या डबीतली 'पार्लरची क्रीम' तर त्याहून वाईट, त्यात पारा असू शकतो आणि तो मूत्रपिंडावर जातो.

रंग किती उजळू शकतो, हे दंडाच्या आतल्या बाजूला बघा. जिथे ऊन पोचत नाही, तोच तिचा जन्माचा रंग. उन्हाने चढलेला काळेपणा तेवढ्यापर्यंत उतरतो, पुढे नाही. त्यासाठी एसपीएफ ३० किंवा जास्त सनस्क्रीन, दोन बोटांवर पट्टी ओढून येईल एवढं चेहरा-मानेला, बाहेर असेल तर दर दोन-तीन तासांनी. लोक चिमूटभर लावतात आणि गुण नाही म्हणतात. लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, भाजल्यासारखे डाग पडतात. मान जाडसर, मखमलीसारखी काळी झाली असेल तर घासू नका, साखर आणि वजन तपासा. तो मळ नसतो.

आता स्थळांचं. कापूस वेचणारी, निंदणीला जाणारी बाई उन्हाने काळवंडते आणि घरात बसणारी उजळ राहते, म्हणून गोरेपण म्हणजे खात्यापित्या घरचं, हे आपल्या डोक्यात बसलं. युरोपातही शेतमजूर काळवंडायचे तोवर पांढरटपणाच सुंदर होता. कामगार कारखान्यात शिरले आणि १९२० च्या दशकात उन्हाने तांबूस होणं हीच फॅशन झाली. कातडी तीच, बघणाऱ्याची नजर बदलली. आपल्याकडे १९७५ पासून गोरेपणाची क्रीम विकणाऱ्या फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नावातून 'फेअर' काढलं, पण आपल्या बायोडेटातला रंगाचा रकाना अजून तसाच आहे.

तो रकानाच काढा. 'निमगोरी' लिहून फोटो उजळवला तर पाहुणे पोह्यांची बशी हातात घेऊनच चेहऱ्याकडे आणि फोटोकडे आळीपाळीने बघतात, आणि ते सगळं तिला सहन करावं लागतं. सकाळच्या उजेडात, सावलीत, फिल्टरविना काढलेला फोटो द्या. स्थळं कमी येतील, हे खरं आहे.

एक राहिलं. ट्यूब महिनोन्‌महिने लावून झाली असेल तर एकदम बंद करू नका. एमडी किंवा डीडीव्हीएल झालेल्या त्वचारोगतज्ज्ञाला ती ट्यूबच नेऊन दाखवा, ते हळूहळू उतरवतील. आणि लग्नानंतर दिवस राहण्याची शक्यता असेल तर ट्रेटिनॉइन असलेलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही.