मनी घरातच असते, पण बोका?

ताई, मांजर घरातच असते तर तिचं नसबंदीचं ऑपरेशन कशाला, असं तुम्ही विचारलंत. "आमची मनी उंबरा ओलांडत नाही" असं मीही म्हणायचे. जळगावचा मे महिना, खिडकीत कूलर, त्याच्या बाजूच्या फटीला लावलेला पुठ्ठा. मनीने तो रात्रीतून ओरबाडून काढला आणि पहाटे शेजारच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छपरावर, सापडली. नऊ आठवड्यांनी कपाटात, माझ्या ठेवणीतल्या साडीवर, चार पिल्लं!

तुमची पाच महिन्यांची आहे ना? मग थांबू नका. चौथ्या महिन्यातही मांजर माजावर येऊ शकते. रक्त वगैरे दिसत नाही. ती जमिनीवर लोळते, रात्रभर ओरडते, पाठीवरून हात फिरवला की पुढून दबते, मागचा भाग उचलते, शेपटी बाजूला घेते. मला तर पोटदुखीच वाटली होती. मांजरीचं बीज सुटतं तेच मुळी बोक्याशी मिलन झाल्यावर, त्यामुळे एका रात्रीची चूकही पुरते. आणि मिलन झालंच नाही, तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तोच तमाशा. घरात तिचा भाऊ असेल तर त्याचंही ऑपरेशन करा, त्यांना नातं कळत नाही.

माज थांबवायच्या गोळ्या कुणी सुचवेल. नकोच. गर्भाशयात पू, स्तनांत गाठी, असले धोके असतात. सरळ ऑपरेशनची तारीख घ्या. तोवर कूलरभोवती पुठ्ठा नको, जाळी ठोका, आणि संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायला जाताना आधी मागे वळून दार लावा.