२,४०० क्लिक आणि ऑर्डर एक, ती पण मावसभावाची

चोपडा तालुक्यातल्या एका टीवायबीकॉमच्या मुलाचं पत्र आलंय. लांबलचक आहे, कामापुरतं देतो:

"सर, इन्स्टावर माझं अहिराणी कॉमेडीचं पेज आहे, साडेआठ हजार फॉलोअर आहेत. नोव्हेंबरपासून ॲमेझॉनचं अफिलिएट (आपल्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की आपल्याला कमिशन) चालू केलं. बॅटरीच्या फवारणी पंपाच्या रील टाकल्या, त्यांच्यावर ॲड चालवल्या, जानेवारी संपेस्तोवर ७,२०० रुपये गेले. ॲड मॅनेजरमधे २,४०० क्लिक दिसतात, ॲमेझॉनच्या रिपोर्टमधे ३१० च, आणि ऑर्डर एक. ती पण मावसभावाला सांगून करून घेतलेली, तिचंही कमिशन आलं नाही. ज्यांच्याकडून शिकलो ते मेंटर म्हणतात १५,००० चा ॲडव्हान्स कोर्स कर, रविवारपर्यंत डिस्काउंट आहे. नाना म्हणतात मोबाईल ठेव अन् एमपीएससीचा क्लास लाव. माझं कुठं चुकतंय आणि यात करिअर आहे का नाही?"

बाळा, पहिलं काम, आत्ताच्या आत्ता ॲड बंद कर. मग निवांत बसून पुढचं वाच.

ॲड बंद का, तर हिशोब बघ, तू कॉमर्सचा आहेस म्हणून सांगतो. ७,२०० भागिले ३१०, म्हणजे ॲमेझॉनपर्यंत पोचलेला एकेक माणूस तुला २३ रुपयांना पडला. पंप धर २,५०० चा आणि कमिशन समज ४ टक्के (खरा दर त्यांच्या तक्त्यात कॅटेगरीप्रमाणे बघून घे), म्हणजे एका पंपामागे १०० रुपये. आता १०० रुपये कमवायला २३ रुपयेवाली माणसं किती परवडतात? चार. म्हणजे लिंक उघडणाऱ्या दर चार जणातल्या एकाने पंप घेतला तर तू कुठं बरोबरीत येतोस, आणि अनोळखी माणसाच्या लिंकवरून चारातला एक माणूस अडीच हजाराची वस्तू घेईल असं जगात कुठं होत नाही. शंभरात एक-दोन झाले तरी लोक खूष असतात. म्हणजे तुझं सगळं बरोबर असतं, लिंक बरोबर, रील भारी, तरीसुद्धा तू खड्ड्यातच गेला असतास, फक्त जरा हळू. हे गणित ॲड लावायच्या आधी वहीच्या मागच्या पानावर पाच मिनिटात झालं असतं आणि मेंटरने ते पहिल्या दिवशी करून घ्यायला पाहिजे होतं, असो, त्यांच्याकडे नंतर येतो.

आता २,४०० चे ३१० कसे झाले ते. यात कुणी चोरी केलेली नाही. ॲड मॅनेजरमधे नुसतं 'क्लिक्स' असं जे दिसतं त्यात सगळंच येतं, कोणी लाईक केलं, कोणी 'आणखी पहा' दाबलं, कोणी तुझ्या नावावर बोट ठेवून प्रोफाईल बघितलं, सगळे क्लिकच. त्याच्या शेजारी 'लिंक क्लिक्स' असा वेगळा कॉलम मिळतो, तो लाव, आकडा एकदम खाली येईल. मग प्लेसमेंटप्रमाणे, म्हणजे ॲड कुठेकुठे दिसली त्याप्रमाणे, तोडून बघ. ऑडियन्स नेटवर्क (इन्स्टाची मालक कंपनी मेटा दुसऱ्यांच्या ॲपमधे ॲड दाखवते ते) चालू राहिलं असेल तर तुझी ॲड कुठल्यातरी गेमच्या मधेच येते आणि पोरं ती बंद करायला जातात अन् बोट लिंकवर पडतं. ते क्लिक स्वस्त असतात, म्हणून सिस्टीम ते आवडीने आणून देते. कारण तू ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे ॲडचा हेतू, 'ट्रॅफिक' ठेवलं असणार, ट्रॅफिक मागितलं की ती क्लिक करणारी माणसं शोधते, विकत घेणारी नाही. विकत घेणारी शोधायला तिला पिक्सेलवरून (विक्रीच्या पानावर बसवायचा मेटाचा छोटा कोड) कळावं लागतं की ऑर्डर कोणी केली, आणि ॲमेझॉनच्या पानावर तुझा पिक्सेल बसूच शकत नाही. थेट ॲमेझॉनच्या लिंकवर ॲड चालवली की ती आंधळीच चालते. शिवाय गूगलसारख्या सर्चवर पैसे भरून थेट त्यांच्या लिंकवर माणसं पाठवणं तर ॲमेझॉनच्या अटीतच बसत नाही, हे पण माहीत असू दे, नाहीतर उद्या मेंटर तेच सांगेल.

बरं, ३१० तर पोचले ना, मग मावसभाऊ सोडला तर त्यातल्या एकानेही का नाही घेतलं? इथे नशीब किती आणि चूक किती हे आधी वेगळं करायचं. समज तुझा खरा दर शंभरात एक आहे. तर पहिल्या १०० क्लिकवर एकही ऑर्डर न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते, म्हणजे १०० क्लिकवर शून्य बघून कपाळाला हात लावायचं काही कारण नाही. पण ३१० वर शून्य यायची शक्यता चार-पाच टक्केच उरते. म्हणजे तुझ्या बाबतीत नुसतं नशीब नाहीये, कुठंतरी खरंच अडकलंय. ठिबकला शेवटच्या झाडाला पाणी पोचत नसलं तर आपण आधी मोटर, मग फिल्टर, मग नळी असं बघत जातो ना, तसंच इथे वरून खाली जायचं.

सगळ्यात आधी लिंक. पेजच्या बायोतली लिंक तू कुठून उचललीस? पुष्कळ मुलं ॲमेझॉनच्या ॲपमधलं शेअरचं बटण दाबतात आणि तीच लिंक टाकतात, त्या लिंकमधे तुमचा आयडी नसतोच. असोसिएट्सच्या (ॲमेझॉनच्या अफिलिएटचं नाव) खात्यातून बनवलेली लिंक उघडून पूर्ण पत्त्यात बघ, टॅगच्या पुढे तुझा आयडी पाहिजे आणि भारतातल्या आयडीच्या शेवटी -२१ असतं. रिपोर्टमधे ३१० क्लिक दिसतात म्हणजे काही लिंक नक्की बरोबर आहेत, पण सगळ्या आहेत का ते एकेक उघडून बघायचं, आळस नाही करायचा. त्याच खात्यात वेगवेगळे ट्रॅकिंग आयडी फुकट बनवता येतात, प्रत्येक रीलला वेगळा दे, म्हणजे कुठल्या रीलवरून काय आलं ते तरी कळेल, आत्ता सगळं एका पोत्यात भरलंय.

मग इन्स्टाच्या आतली खिडकी. माणसाने बायोतली लिंक दाबली की पान बऱ्याचदा इन्स्टाच्याच आत उघडतं, तिथे तो ॲमेझॉनमधे लॉगिन नसतो, पासवर्ड माग, ओटीपी माग, त्याला कंटाळा येतो. मग तो काय करतो, बाहेर येऊन ॲमेझॉनचं ॲप उघडतो, नाव टाकून तोच पंप शोधतो आणि घेतो. ऑर्डर झाली पण हा माणूस तुझ्या लिंकवरून आला ही खूण त्या बंद केलेल्या खिडकीत राहिली, तुला शून्य. आणि खूण टिकली तरी ती २४ तासच टिकते. त्या वेळात त्याने वस्तू कार्टमधे टाकली तर मात्र साधारण तीन महिन्यापर्यंत चालतं, म्हणून नुसतं 'लिंक बायोमधे' म्हणण्यापेक्षा 'आत्ता कार्टमधे टाकून ठेवा, नंतर ठरवा' असं म्हण.

मावसभावाचं कमिशन का नाही आलं ते तर अटीतच लिहिलंय. स्वतः घेणं किंवा नातेवाईक-मित्रांना सांगून घ्यायला लावणं चालत नाही, असल्या खरेदीवर कमिशन मिळत नाही आणि जास्त केलं तर खातं जातं. आता खऱ्या तीन विक्री १८० दिवसात झाल्या नाहीत तरी खातं बंद होतं, नोव्हेंबरपासून मोजलं तर तुझा अर्धा वेळ गेलाय. बंद झालं तर पुन्हा अर्ज करता येतो, त्यामुळे रडारड नको, पण घाईने आतेभाऊ-मामेभाऊ गोळा करू नको.

हे सगळं झालं यंत्राचं. माझ्या मते तुझी खरी गडबड माणसांची आहे.

पेजचं इनसाईट्स उघड आणि 'टॉप सिटीज' बघ. तू मला स्क्रीनशॉट पाठवला नाहीस, पण पैज लावायची तर मी सुरतवर लावीन. अहिराणी कॉमेडी कोण बघतं? सुरतच्या उधना, लिंबायतमधे राहणारे आपले लोक, नाशिक-पुण्याला कंपनीत लागलेली पोरं, ज्यांना गावची भाषा ऐकून बरं वाटतं. ते हसायला आलेत भो. कापडाच्या लूमवर बारा तास उभा राहून आलेल्या माणसाला तू फवारणी पंप दाखवतोयस, तो लाईक करणार, भावाला टॅग करणार, 'कितलाले शे भाऊ' असं कमेंटमधे विचारणार आणि पुढच्या रीलवर जाणार. किंमत विचारली म्हणजे घ्यायचंय असं नसतं, हे आपल्याकडच्या आठवडे बाजारात उभा राहिलेला कोणीही सांगेल.

आणि जो खरा शेतकरी आहे त्याच्याकडे ये. नोव्हेंबर ते जानेवारी त्याच्या वावरात कापूस वेचणीला, नाहीतर फरदड, म्हणजे वेचून झालेला कापूस न उपटता पुन्हा घेतलेलं पीक. पंपाची खरी गरज जुलै ते सप्टेंबर. हरभऱ्यावर घाटेअळीचं मारतात, पण त्याला मागच्या वर्षीचाच पंप चालतो. नवीन घ्यायचाच झाला तर तो कृषी केंद्रात जातो, कारण तिथे उधारीत मिळतो, कापसाचे पैसे आले की दे म्हणतात, आणि बॅटरी चार्जिंग धरेनाशी झाली की तोच पंप उचलून त्याच दुकानात आणून आपटता येतो. ॲमेझॉनवरचा पंप कुठं आपटणार? तुझ्या रीलमधे सर्व्हिसबद्दल एक शब्द नव्हता, ८ अॅम्पिअरची बॅटरी घ्यावी का १२ ची, एका चार्जिंगमधे किती टाक्या होतात, खांद्याला वजन किती लागतं, काही नाही, नुसतं 'भारी पंप, लिंक बायोमधे'. घेणारा माणूस नेमके हेच प्रश्न घेऊन येतो. तुझ्या कमेंटमधे असा प्रश्न विचारणारे किती होते ते मोज, तेवढेच तुझे खरे गिऱ्हाईक होते.

मग विकायचं काय? सुरतच्या माणसाला गावाकडच्या आईबापासाठी काय पाठवता येईल ते बघ. मोटरीच्या थ्री फेज लाईटची पाळी रात्रीची असली की नाना मंडळी अंधारात पाणी भरायला जातात, एका हातात टॉर्च, एका हातात फावडं. डोक्याला लावायचा चार्जिंगचा टॉर्च तीन-चारशेत येतो, त्याला सर्व्हिस लागत नाही, उधारी लागत नाही, घरच्यांना विचारावं लागत नाही, २४ तासाच्या आत निर्णय होतो. त्यावर एक अहिराणी रील बनव, बाप रात्री मोटर चालू करायला जातो आणि पोरगा सुरतहून फोन करतो, कॉमेडी पण होईल आणि काम पण. त्याच ४ टक्क्याने कमिशन १२-१६ रुपयेच पडेल, म्हणून यावर ॲडचा एक रुपया पण घालायचा नाही, फुकटच्या रीलवरच हे परवडतं. टाकण्याआधी गावाचा पिनकोड घालून वस्तू तिथे पोचते का बघ, स्टॉक आहे का, रीलमधे बोललास ती किंमत अजून आहे का. माल परत आला तर कमिशन पण परत जातं हे धरून चाल. आणि रीलवर 'यात मला कमिशन मिळतं' हे स्पष्ट लिही, जाहिरात लपवायची नाही असे नियम आहेत, ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मधे त्याची पुस्तिकाच काढलीये.

एका वेळी एकच गोष्ट बदल. वस्तू, रील, लिंकची जागा सगळं एकदम बदललं आणि दोन ऑर्डर आल्या तर कशामुळे आल्या ते कळणार नाही.

आता मेंटर. ३१० क्लिकवर शून्य आलं त्याच्यावर १५,००० चा कोर्स हे औषध नाही. त्यांना तुझा लिंक क्लिकचा कॉलम दाखव आणि विचार, यात काय दिसतं. उत्तर देता आलं नाही तर समजून जा. आणि त्या कोर्समधे 'हाच कोर्स पुढे विक आणि कमिशन घे' असं असेल तर तिथे उभा पण राहू नकोस. शिकायचंच असेल तर गूगलचं स्किलशॉप आणि मेटाचं ब्लूप्रिंट, दोन्हीकडचे कोर्स फुकट आहेत, इंग्रजी थोडं जड जाईल, जाऊ दे, तेवढं इंग्रजी पुढे लागणारच आहे. रविवारचं डिस्काउंट पुढच्या रविवारी पण असतं.

करिअरचं सरळ सांगतो. नुसत्या अफिलिएटच्या भरवशावर घर चालवीन असं आज ठरवू नकोस. पण ॲडचे पैसे कुठे गळतात ते शोधणं ही वेगळी विद्या आहे आणि तिला पगार आहे, पुण्या-नाशिकच्या एजन्सीत परफॉर्मन्स मार्केटिंग म्हणून जागा निघतात त्या हेच काम करतात. तुझ्याकडे बी.कॉम.चा हिशोब आहे, अहिराणीत बोलायची हातोटी आहे आणि स्वतःचे ७,२०० घालवून मिळालेला डेटा आहे. तो एका एक्सेल शीटमधे मांड, किती दाखवले, खरे किती, कुठे अडलं, मी काय बदललं, नंतर काय झालं. इंटरव्ह्यूला ते शीट घेऊन जा, सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलेल.

आणि जूनच्या आधी चोपड्यातल्या एखाद्या कृषी केंद्रवाल्याकडे जाऊन बस. त्याला म्हण, रील मी बनवतो, ॲडचा खर्च तुमचा, फक्त चोपडा-यावल-शिरपूरपुरती चालवू, चौकशी तुमच्या व्हॉट्सॲपवर येईल आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक पंपामागे मला ठरलेली रक्कम द्या. शेतकरी तोच, रील तीच, फक्त उधारी आणि सर्व्हिस त्याच्याकडे आहे जी ॲमेझॉनकडे नाही. आणि इथे २४ तासाची भानगड नाही, माणूस आठ दिवसाने आला तरी व्हॉट्सॲपवर त्याचा नंबर आहे.

नानांना मोबाईलवर वाद घालू नकोस. टीवायची परीक्षा होईपर्यंत रोज तास-दीड तास यासाठी, बाकी अभ्यास, आणि घरचा एक पैसा ॲडला नाही, एवढं कबूल कर. एमपीएससीचा क्लास लावायचा का नाही हा वेगळा विषय आहे, तुला स्वतःला त्यातली कुठली पोस्ट पाहिजे हे तुझ्या पत्रात एकदाही आलेलं नाही, म्हणून आत्ता त्यावर मी बोलत नाही. निकालानंतर दोघं मिळून लिहा.

तोपर्यंत टॉप सिटीजचा आणि प्लेसमेंटचा, दोन स्क्रीनशॉट पाठवून दे.